नीट नको, अर्थशास्त्र हवं. पण गणिताचं काय?

पत्र: मुलगी बारावी सायन्स, बी ग्रुप (म्हणजे जीवशास्त्र, गणित नाही). नीट दोनदा दिली. मार्क वाईट नाहीत, पण सरकारी सीट मिळेल असेही नाहीत. आता म्हणते, तिसऱ्यांदा बसणार नाही. इकॉनॉमिक्स घेऊन आरोग्य, शिक्षण आणि रोजगार यांवर रिसर्च करणार. गेल्या वर्षी माझे वडील नऊ दिवस दवाखान्यात होते, तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. दिवसा माझी बहीण तिथे बसायची (ती घरीच असते, ब्लाउज शिवते), संध्याकाळी मुलगी. त्या दिवसांत तिने एका वहीत सगळा खर्च टिपून ठेवला, रिक्षापासून सलाईनपर्यंत. मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सुपरवायझर आहे. अकरावीपासून तिला गणित नाही. हे जमेल का? यात नोकरी असते, की नुसत्या पदव्या? की तिसऱ्यांदा नीट द्यायला लावू? – एक वडील, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर:

नमस्कार. नीटचा प्रश्न आधी निकालात काढते. मुलगी स्वतः नाही म्हणतेय, तर तिसरं वर्ष घालू नका. धरून बसवलेल्या मुलांचे मार्क वाढलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

आता त्या वहीबद्दल. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. मला पत्रातली तीच ओळ दोनदा वाचावीशी वाटली. अर्थशास्त्रात या हिशेबाला रीतसर नाव आहे, खिशातला आरोग्यखर्च. केंद्र सरकार दरवर्षी राष्ट्रीय आरोग्य लेखे काढतं. त्यांच्या हिशेबाने 2013-14 मध्ये देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर 100 रुपयांतले 64.2 रुपये कुटुंबांच्या खिशातून गेले होते, 2021-22 मध्ये 39.4. आकडा छान दिसतो. पण घरोघरच्या खर्चाचा भाग जुन्या सर्वेक्षणावरून पुढे ओढून काढलेला आहे, म्हणून जाणकारांत त्यावर वाद आहे. वाद मिटवायचा तर कुणीतरी पुन्हा घरोघर जाऊन विचारायला हवं: बाहेरून औषध किती रुपयांचं आणलं? रिक्षाला किती दिले? तुमच्या मुलीने हे कुणी न सांगता केलंय.

'रिसर्च' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर जाडजूड पुस्तकं येतात, म्हणून आपल्याच गावचं उदाहरण देते. 2001 ते 2003 या काळात बडोद्याच्या महानगरपालिकेच्या शाळांमध्ये 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालला. तिसरी-चौथीत गेलेल्या पण वाचनात आणि हिशेबात मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायचं. शिकवणारी असायची वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी. याने फरक पडतो का, हे तपासायला अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे दोन सहकारी आले. सगळ्या शाळांना एकदम बालसखी दिली असती तर तुलना कुणाशी करणार? म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळांच्या दोन वाटण्या केल्या. पहिल्या वर्षी अर्ध्या शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. कुठलीच शाळा कोरी राहिली नाही आणि तुलनाही साधली. मुलांचे गुण वाढले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं, तर त्यातली बरीचशी वाढ विरून गेली होती, थोडी टिकली होती. हेही त्यांनी निबंधात लिहिलं, हे मला विशेष वाटतं. 2007 मध्ये तो छापून आला. अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठीच 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं. आपण तेव्हा रावपुऱ्यात शेव-उसळ खात होतो, आणि बाजूच्या शाळेत हे चाललं होतं!

रोजगाराचं संशोधन म्हणजे काय, ते मला एका ओट्यावर कळलं. कॉलेजात असताना सुट्टीत मी एका सर्वेक्षणासाठी पादरा तालुक्यात फिरले होते. प्रश्न होता, 'गेल्या सात दिवसांत काही काम केलं का?' समोरची बाई पापड लाटत होती, किलोच्या भावाने, पलीकडच्या व्यापाऱ्यासाठी. लाटणं न थांबवता म्हणाली, 'ना बेन, हुं तो घरे ज छुं.' (नाही ताई, मी तर घरीच असते.) मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांनी फॉर्म वाचला, मला त्याच घरी परत पाठवलं. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तासभर जरी असं काम झालं असेल तरी ते कामच धरतात, हा नियम मला पाठ होता. तिला कसं विचारायचं, ते मात्र येत नव्हतं.

सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण 2017 पासून चालू आहे. त्यात 15 वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होतं, 2023-24 मध्ये 41.7. इतकी उडी कशी? नवी कामं आली, की घरच्या शेतात आणि दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका आता नीट मोजल्या जातायत, की ओढग्रस्तीमुळे बाहेर पडाव्या लागल्या? यावर आज माणसं पगार घेऊन काम करतायत. तुमच्या मुलीला करायचंय ते हेच.

तेव्हा नोकरी असते. पण उशिरा लागते, हे तोंडावर सांगते. बीए, मग दोन वर्षं एमए. त्याआधी या क्षेत्रात कुणी धड उभं करत नाही. तिच्या वर्गातली सीए झालेली मुलगी तिच्या आधी कमावती होईल, आणि सुरुवातीला जास्तही कमावेल. एमएनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आहे, तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागतेच. रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग आहे, अहमदाबादेतल्या संशोधन संस्था आहेत, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था आहेत. पीएचडीच करायची झाली तर नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी संशोधनवृत्ती) मिळाल्यावर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. म्हणजे तो काळ तुमच्या खिशावर नाही. परदेशातल्या चांगल्या विद्यापीठांतही पीएचडीला बहुधा शिष्यवृत्ती असते. एमएची फी भरून परदेशी पाठवायच्या फंदात मात्र पडू नका, एजंट कितीही गोड बोलला तरी.

खरी अडचण गणिताची आहे आणि ती तुम्ही बरोबर ओळखलीत. या विषयात पुढे कलन (कॅल्क्युलस), संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र) लागते. त्याशिवाय नुसती मतं उरतात, आणि मतं आपल्याकडे कट्ट्यावर फुकट मिळतात. बारावीला गणित नसेल तर दिल्ली विद्यापीठाचा बीए ऑनर्स इकॉनॉमिक्स बंद, भारतीय सांख्यिकी संस्थेचा (आयएसआय) क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सही बंद. यावर तोड आहे. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावीचा एकटा गणित विषय देता येतो. ज्या ठिकाणी जायचं तिथलं माहितीपत्रक आधी वाचा, असा स्वतंत्र दिलेला विषय ते धरतात का ते पाहा. दरम्यान सयाजीराव विद्यापीठात, त्या घुमटाखाली, अर्थशास्त्र घेऊन बीए सुरू करू दे. जोडीला संख्याशास्त्र मिळत असेल तर सोडू नये. एमएसाठी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही नावं आतापासून भिंतीवर लावा.

बडोद्यात राहून काय होणार, असं तुमच्या घरी कुणीतरी म्हणेलच. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झालेले आय. जी. पटेल बडोदा कॉलेजचेच. आणि विद्यापीठातच लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पैशावर चालणारं. तिथे एकदा तिला घेऊन जा, काय काम चालतं ते बघू दे.

पण प्रवेशाआधी एक परीक्षा घ्या, घरच्या घरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं नेटवर मोफत आहेत. बडोदा जिल्ह्याची दोन काढा, 2015-16 ची फेरी आणि 2019-21 ची. तिला सांगा, एका रविवारी बसून लिही, या काळात जिल्ह्यात बायका-मुलांच्या तब्येतीत काय बदललं. यात एक खोडी आहे, ती आधी सांगू नका. छोटा उदेपूर 2013 मध्ये बडोद्यातून वेगळा झाला, पण 2015-16 ची फेरी 2011 च्या जनगणनेच्या जिल्ह्यांवर होती. म्हणजे पहिल्या पत्रकात आदिवासी पट्टा आत आहे, दुसऱ्यात बाहेर. जिल्हा सुधारला, की गरीब भाग यादीतून गेला? तिला हे आपणहून सापडलं तर मला लगेच फोन करा. नाही सापडलं तरी बिघडत नाही, मोठमोठे चकतात; सांगितल्यावर ती हिरमुसते, की चेव येऊन पुन्हा बसते, ते बघा. दुपारी दोनलाच पत्रकं मिटून मोबाइल हातात घेतला, तर बँकेच्या परीक्षांचा विचार करायला हरकत नाही.

भेटायला याल तेव्हा ती वही आणा. तुमची बहीण नऊ दिवस दवाखान्यात बसली, त्या दिवसांत ब्लाउज शिवले गेले नाहीत. 'ती घरीच असते' असं तुम्ही लिहिलंय. तिचा तो खाडा वहीत धरलाय का, तेवढं मुलीला विचारून या.