वाचक विचारतात : बिग बेनची तडकलेली घंटा

मागच्या अंकात लंडनच्या बिग बेनचे छायाचित्र छापले होते. त्यावरून पुण्यातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. घंटेच्या तड्याविषयी सर्वांत जास्त विचारणा होती, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : बिग बेन हे नाव घड्याळाचे, मनोऱ्याचे की घंटेचे? (नारायण पेठ)

घंटेचे. तासाचे टोले देणारी मोठी घंटा तेवढी बिग बेन. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लागलेल्या आगीत ब्रिटिश संसदेची जुनी इमारत जळाली. नवी इमारत चार्ल्स बॅरी यांनी उभारली आणि तिच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा आराखडा ऑगस्टस प्युजिन यांनी काढला. ९६ मीटर उंचीच्या या मनोऱ्याला २०१२ पर्यंत नुसते ‘क्लॉक टॉवर’च म्हणत, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवात तो ‘एलिझाबेथ टॉवर’ झाला. ‘बेन’ म्हणजे तेव्हाचे बांधकाम खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल, असे बहुतेक जण मानतात. काही जण बेंजामिन कॉन्ट या मुष्टियोद्ध्याचे नाव घेतात.

प्रश्न : आपल्याकडे घंटा तडकली की फुटक्या भांड्यासारखी वाजते आणि शेवटी मोडीत जाते. बिग बेन मात्र तडा असूनही वाजते. हे कसे? (कसबा पेठ)

आधी धातू पाहू. घंटेसाठी तांबे आणि कथील यांचे मिश्रण, म्हणजे कासे वापरतात. आपल्या तांबट आळीत घडतात ती भांडी निव्वळ तांब्याची. तांबे हातोडीखाली पसरते, पोचे सोसते. त्यात कथील वाढवत नेले की धातू कडक होतो आणि नाद लांबतो, पण ठिसूळपणाही वाढतो. बिग बेनसाठी मनोऱ्यातल्या घड्याळाचा आराखडा करणारे एडमंड बेकेट डेनिसन यांनी २२ भाग तांब्याला ७ भाग कथील असे प्रमाण ठरवले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कथील. असा धातू सुरेल वाजतो, पण चुकीचा घाव माफ करत नाही.

डेनिसन पेशाने वकील होते. घड्याळांचे त्यांचे ज्ञान अस्सल होते, पण हातोड्याच्या वजनाबाबत त्यांनी ओतणाऱ्यांचे ऐकले नाही. पहिली घंटा ऑगस्ट १८५६ मध्ये वॉर्नर यांच्या कारखान्यात ओतली गेली. तिचे वजन सुमारे १६ टन होते. संसदेच्या आवारात टांगून तिची चाचणी चालली असताना ऑक्टोबर १८५७ मध्ये ती तडकली. ३५५ किलोचा हातोडा डेनिसननी ६६० किलोवर नेला होता, त्यामुळे वॉर्नर यांनी दोष त्यांना दिला. घंटा फोडून तोच धातू व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत पुन्हा ओतण्यात आला, तो १० एप्रिल १८५८ रोजी. पूर्ण निवायला २० दिवस लागले. नवी घंटा १३.७ टनांची, २.२ मीटर उंच आणि तोंडाशी २.७ मीटर रुंद झाली. मनोऱ्याच्या पोकळीतून उभी जाईना म्हणून ती आडवी करून वर ओढली.

११ जुलै १८५९ रोजी तिने पहिला टोला दिला आणि सप्टेंबरात तीही तडकली. ओतशाळेने सांगितलेल्या कमाल वजनाच्या दुपटीहून जड हातोडा डेनिसननी लावला होता.

दर पाव तासाला सुरावट वाजवणाऱ्या छोट्या घंटा मनोऱ्यात वेगळ्या आहेत. पुढची चार वर्षे तासाचे टोले त्यांतल्या सर्वांत मोठ्या घंटेवर दिले गेले. मग राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उपाय सुचवला, त्याचे तीन भाग होते. घंटा थोडी फिरवायची, म्हणजे घाव नव्या जागी पडेल. हातोडा सुमारे २०० किलोचा करायचा. आणि तड्यापाशी धातूचा छोटा चौकोनी तुकडा कापून काढायचा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही.

तिसरा भाग विशेष समजून घेण्यासारखा आहे. तड्याच्या टोकदार शेवटावर सगळा ताण एकवटतो आणि प्रत्येक घावाला तो थोडा पुढे फाटतो. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत ओतीव भागाला तडा दिसला, तर त्याच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडतात, ते याच कारणासाठी. शिवाय तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासल्या तर कंप लगेच मरतो. फुटका आवाज येतो तो त्यामुळे. बिग बेनचा तडा वाढला नाही, मात्र तिच्या नादात त्याची किंचित खूण राहिली आहे. जगाने ऐकला तो हाच नाद.

घंटेची घडण जवळून पाहायची असेल तर भीमाशंकरला जावे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक तिथे आहे, दुसरी वाईजवळ मेणवलीला. युरोपीय घंटेचा ओठ जाड असतो आणि घाव तिथेच पडायचा असतो. बिग बेनची घडण त्याच जातीची आहे. फरक एवढाच की तिला आतला लोळा नाही, हातोडा बाहेरून पडतो.

प्रश्न : लंबकावर नाणी ठेवून ते घड्याळ लावतात, हे खरे का? आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाला हा उपाय चालेल का? (एरंडवणे)

खरे आहे. तिथला लंबक सुमारे ३१० किलोचा आहे आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला त्याला २ सेकंद लागतात. त्याच्या दांड्यावरच्या छोट्या बैठकीत जुन्या पेनीची चळत असते. एक पेनी वाढवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते, काढली की तेवढेच मागे पडते. गोळ्याच्या वर वजन ठेवल्याने वजनाचा मध्य वर सरकतो आणि लंबक आखूड केल्यासारखा वागतो. घड्याळ थांबवावे लागत नाही, ही मोठी सोय.

घरच्या घड्याळाला हा उपाय नको. २०० ग्रॅमच्या लंबकावर दांड्याच्या मध्याशी एक ग्रॅम जरी ठेवला, तरी घड्याळ दिवसाला पाऊण-एक मिनिट पुढे जाईल. तिथे गोळ्याखालचा नटच वापरावा. आधी टिकटिक ऐका. ती लंगडत असेल तर पेटी किंचित कलती करून ठोका समान करा, कारण ठोका लंगडा असताना नट फिरवणे व्यर्थ. मग पूर्ण २४ तासांचा फरक मोजा. घड्याळ मागे पडत असेल तर नट वर, पुढे जात असेल तर खाली. २५ सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे, म्हणून एका वेळी अर्धाच आटा फिरवा. फिरवताना गोळा दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर लंबक जिला टांगलेला असतो ती वरची पातळ पोलादी पट्टी पिळवटते. काटे उलटे फिरवू नका; पुढे नेताना प्रत्येक टोला पूर्ण होऊ द्या.

पोलादी दांड्याचे घड्याळ दहा अंश तापमान वाढले की दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. लंडनच्या लंबकात जस्त आणि पोलादाच्या नळ्या एकीत एक बसवून हे प्रसरण आपोआप भरून काढले आहे.

प्रश्न : वारा आणि बर्फ खाऊनही ते घड्याळ इतके अचूक कसे? (औंध)

तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आत अचूक हवा, ही एअरींची अट होती. घड्याळ १८५४ मध्ये तयार झाले, पण मनोरा बांधून पूर्ण झाला नव्हता. ती वर्षे डेनिसननी एस्केपमेंट, म्हणजे चक्रांचा जोर लंबकापर्यंत पोचवणारी यंत्रणा, सुधारण्यात घालवली. साध्या घड्याळात चक्रांचा जोर थेट लंबकाला लागतो, त्यामुळे काट्यांवर वारा दाबला की वेळ बिघडते. डेनिसनच्या रचनेत चक्रे एक छोटा हात उचलून ठेवतात आणि तो स्वतःच्या वजनाने पडत लंबकाला ढकलतो. ढकल कायम सारखी राहते. वेळ लावायची असेल तर पहिला टोला धरा. आधीची सुरावट तास भरण्यापूर्वीच सुरू होते.

तरी यंत्र ते यंत्रच. ५ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे पाव तासाच्या यंत्राचा वेग आवरणाऱ्या पंख्याचा दांडा धातूच्या थकव्याने तुटला. यंत्र चालवणारे टांगते वजन मोकाट खाली आले आणि यंत्राच्या चिंधड्या झाल्या. दुरुस्ती मे १९७७ पर्यंत चालली.

प्रश्न : मुंबईचा राजाबाई टॉवर ही बिग बेनचीच नक्कल ना? (शिवाजीनगर)

प्रेरणा तिथली, पण नक्कल म्हणणे अन्यायाचे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. बांधकाम १८६९ ते १८७८. उंची सुमारे ८५ मीटर.