मुंबईत अविवाहित मुलीला गर्भपातासाठी घरच्यांची सही लागते का?

लागत नाही. मुलीला १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर सही तिची एकटीची. आईबापाची नको, नवऱ्याची नको, आणि ‘ज्याने हे केलं त्याला घेऊन ये’ असं म्हणायचाही कुणाला अधिकार नाही.

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण २० वर्षांची आहे, चेंबूरच्या बाजूला वस्तीत राहते, पाळी येऊन दोन महिने होत आले, आणि सरकारी रुग्णालयात ‘घरच्यांना आणा’ म्हणून तिला खिडकीवरूनच परत पाठवलं. आता कुठे जावं, खर्च किती येईल आणि घरी कळेल का, असं तुम्ही विचारताय. मी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत एका संस्थेतर्फे बायकांच्या आरोग्याचं काम करते. प्रश्न वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, कारण हेच ‘घरच्यांना आणा’ मी जवळून पाहिलंय आणि त्यावरून माझ्या सासरी अजून धुसफूस चालू आहे.

आमच्या भागातली एक १९ वर्षांची मुलगी. आठवीनंतर शाळा सुटली, एका गाळ्यात इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवायला जायची. पाळी चुकली तेव्हा मित्राने मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणून दिली. ती गोळी संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, दिवस राहिल्यावर तिचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. ती गोळी घेऊन पोरगी वाट बघत बसली. मग गर्भपाताच्या गोळ्या शोधायला निघाली, तर एकही मेडिकलवाला द्यायला तयार होईना. त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहेच. पण आपल्याकडे स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं गाजली आणि औषध प्रशासनाचे छापे पडले, तेव्हापासून कित्येक दुकानदार चिठ्ठी असली तरी नाहीच म्हणतात. नको ती कटकट, म्हणून मालच ठेवत नाहीत. गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. पण दुकानात आणि दवाखान्यात दोन्हींची सरमिसळ झालेली आहे आणि भोगायचं अशा पोरींनी.

माझ्याकडे येण्याआधी ती एकटीच एका सरकारी रुग्णालयात जाऊन आली होती. खिडकीवरच्या सिस्टरने काचेआडून मोठ्याने विचारलं, “लग्न झालंय का? मिस्टर कुठायत?” मागे अख्खी रांग, त्यात आमच्या वस्तीतल्या बायका. नाही झालं म्हटल्यावर, “मग आईला घेऊन ये.” दुसऱ्यांदा गेली तर सोनोग्राफी करून आण म्हणाले आणि सोनोग्राफीची तारीख पुढची मिळाली. प्रत्येक फेरीला कामावर खाडा. गाळ्याचा मालक खाड्याचे पैसे देत नाही आणि फार खाडे झाले की दुसरी मुलगी ठेवतो.

मग मी तिच्याबरोबर गेले. माझ्याकडे संमतीपत्राची प्रत होती. गर्भपाताच्या नियमांत त्याला नमुना ‘क’ म्हणतात. त्यावर बाईचं नाव, कुणाची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता आणि खाली तिची सही. १८ पूर्ण झालेल्या मुलीच्या घरच्यांच्या सहीला त्यावर जागाच नाही. मी विचारलं, आईची सही हवी हे कुठल्या नियमात आहे ते दाखवा. उत्तर आलं, “आमच्याकडे पद्धत आहे.” मी तिथून हलले नाही. शेवटी एक तरुण निवासी डॉक्टर बाहेर आली, तिने कागद वाचला आणि मुलीला आत बोलावून पडदा ओढून घेतला. मग मला हाक मारली. पोरगी फॉर्मवर सही करत होती, बोटांच्या टोकांना खड्यांचा गोंद सुकून पांढरा झालेला, पेन धरायच्या आधी ती तो नखाने खरवडत होती. सावकाश, एकेक अक्षर काढून पूर्ण नाव लिहिलं तिने. मला त्या सहीचा अभिमान आहे.

पण तोवर नऊ आठवडे उलटून गेले होते. आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पुढे पिशवी साफ करावी लागते. तिचं सक्शनने झालं, सुखरूप झालं, संध्याकाळी घरीही आली. तरी माझं म्हणणं कायम आहे की जे गोळ्यांत झालं असतं ते टेबलावर न्यावं लागलं ते खिडकीवर वाया गेलेल्या दिवसांमुळे. लोक म्हणतात पोरी उशिरा येतात. पोरी वेळेत येतात हो, त्यांना परत पाठवून उशीर केला जातो.

काही आठवड्यांनी रांगेतल्या एका बाईकडून ही गोष्ट माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या कानावर गेली. जाऊबाई बालवाडी चालवतात, वस्तीत त्यांना मान आहे, मीही मानते. हळदीकुंकवाला सगळ्या बायका बसलेल्या असताना त्या मला म्हणाल्या, “जिने जन्म दिला तिला न सांगता पोरीला घेऊन गेलीस? उद्या तिला काही झालं असतं तर कुणाला बोलावलं असतंस?” मी तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि इथे पुन्हा देते. काही झालं असतं तर मी होते, डॉक्टर होती, रुग्णालय होतं. आईला सांगितलं असतं तर पोरीला आठवड्याभरात गावी धाडून मिळेल त्याच्या गळ्यात बांधली असती. ते घर मी ओळखते आणि जाऊबाई माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. शिवाय मुलीने मला हात जोडून सांगितलं होतं, घरी नको. १९ वर्षांची मुलगी मत देते, कमावते, त्या पैशांवर घर चालतं, आणि स्वतःच्या शरीराचा निर्णय तिने आईला विचारून घ्यायचा?

जाऊबाईंचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. दिवस राहू नयेत म्हणून असलेलं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध, हे सगळं मी पोरींना सांगते म्हणून पोरी बिघडतात म्हणे. आता बघा, आरोग्यवाल्या घरोघरी येतात तेव्हा त्यांच्या रजिस्टरमध्ये ‘पात्र जोडपी’ असतात. म्हणजे लग्न झालेली. शेजारच्या खोलीत त्याच वयाची नवी सून असेल तर तिच्या दारात माला-एन आणि निरोध पोहोचतात. या पोरीच्या दारात काहीच नाही, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्याला लग्नाची अट घालणारा कायदा नाही, तरी अविवाहित मुलीला ते मागायची सोय नाही, कारण मागितलं की पुढचा प्रश्न ‘मिस्टर कुठायत’. माहिती मिळाली असती तर ही मुलगी त्या रांगेत उभीच राहिली नसती. र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांनाही लोक हेच म्हणाले की समाज बिघडेल. शंभर वर्षं झाली आणि आमच्या हळदीकुंकवात अजून तेच.

बरं, लग्न झालेलीची सुटका होते असंही नाही. बावीस वर्षांची, दोन लेकरांची आई तांबी बसवायला जाते आणि तिला सांगतात, सासूला विचारलंस का, नवऱ्याला माहीत आहे का. तांबीला नवऱ्याची परवानगी लागत नाही. कुमारिकेला आईची सही, सवाष्णीला नवऱ्याची. पोरीचं स्वतःचं मत कुठल्या वयात सुरू होतं ते तरी सांगा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला खिडकीवर बोलावं लागेल. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कलमात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ होतं तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित मुलीच्याच खटल्यात सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहितांना वगळता येणार नाही, तिथे मात्र दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्याच निकालात असंही आहे की घरच्यांची संमती, भलतेसलते कागद, कोर्टाची परवानगी असल्या अटी डॉक्टर घालतात त्यांना कायद्याचा आधार नाही. हे मोबाईलवर काढून ठेवा आणि गरज पडली तर दाखवा.

आता तुमच्या प्रश्नांकडे. सरकारी ठिकाणी खर्च केसपेपर आणि तपासण्यांचा, तो झेपतो. खासगीत आठवडे आणि पद्धतीप्रमाणे बराच फरक पडतो, आधी विचारून घ्या. खासगी ठिकाण असेल तर भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं असलं पाहिजे. ते दिसत नसेल तर आत जाऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. शीव, केईएम, नायर, कूपर या मोठ्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत. १९४९ मध्ये मुंबईतच सुरू झालेली कुटुंब नियोजनाची जुनी संस्था फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया, तिथेही विचारता येईल.

घरी कळेल का? डॉक्टरने कळवायचं नाही, नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. नोंदवहीही गुप्त ठेवायची असते. बातमी फुटते ती रांगेतून. म्हणून वस्तीतल्या बायका जिथे जातात तिथे जाऊ नका, थोडं लांबचं गाठा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची सही लागतेच. कायद्यात पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती, आईवडीलच असं नाही. पोक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवावंही लागतं, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्यात नाव उघड करायची गरज नाही, हेही २०२२ च्याच निकालात आहे. दुसरं, आपल्याकडे मागितला की गर्भपात मिळालाच पाहिजे असा कायदा नाही, कारण नोंदवून डॉक्टरने मत द्यावं लागतं. तिसरं, गोळ्या कुठून तरी मिळवून एकटीने घेऊ देऊ नका. गर्भ पिशवीत आहे की नळीत हे तपासल्याशिवाय घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. गोळ्यांनंतर तासाला दोन-दोन पॅड भिजायला लागले आणि थांबेना, तर अपघात विभागात न्या.

आणि आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आल्याच्या दिवसापासून नाही. दोन महिने होत आले म्हणताय, म्हणजे तुमची मैत्रीण नऊ आठवड्यांच्या तोंडावर आहे. उद्या सकाळची ओपीडी गाठा, वयाचा पुरावा बरोबर घ्या, तुम्ही सोबत जा आणि खिडकीवर बोलायचं काम तुम्ही करा. आईला सांगायचं की नाही ते तिला ठरवू द्या. माझ्या जाऊबाईंनी तुम्हाला सांगितलं असतं, आधी तिच्या आईला फोन लाव. तो फोन करू नका.