भाच्याच्या रक्तात बी पेशीच नाहीत: बीटीके जनुकाविषयी दोन पत्रं

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यापासून दोनदा न्यूमोनिया झाला, कान तर सारखा वाहतो. डॉक्टरांना बीटीके जनुकात दोष असल्याचा संशय आहे. पण पहिले सहा महिने तो ठणठणीत होता, मग आजार जन्मजात कसा? मी स्वतः तीन महिन्यांची गरोदर आहे. माझ्या बाळालाही धोका आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, पहिले सहा महिने त्याला आईच्या प्रतिपिंडांनी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांनी सांभाळलं. गरोदरपणात आईचं आयजीजी, हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, वारेतून बाळाकडे जातं. त्याचं प्रमाण दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मं होत जातं. तो साठा संपतो तेव्हा बाळाने स्वतःची प्रतिपिंडं बनवायची असतात, आणि इथेच बीटीके लागतं.

हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. त्यापासून बनणारं प्रथिन बी पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीच्या, पृष्ठभागावर आलेला संदेश आत पोचवतं: वाढ, पुढे हो. तो पोचला नाही तर अस्थिमज्जेतल्या कोवळ्या बी पेशी तिथेच अडकून मरतात. रक्तात बी पेशी दोन टक्क्यांच्याही खाली, प्रतिपिंडं जवळपास शून्य. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५२ साली आठ वर्षांच्या मुलात हा आजार प्रथम नोंदवला. जनुक सापडायला १९९३ उजाडलं. भाच्याचा घसा टॉर्चने पाहायला सांगा. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाचे टॉन्सिल एरवी टपोरे असतात, या मुलांचे जवळजवळ दिसतच नाहीत.

तपासण्यांचा क्रम इथे फार महत्त्वाचा. आयजीजी, आयजीए, आयजीएम हे प्रतिपिंडांचे प्रकार आणि बी पेशींची फ्लो सायटोमेट्री (पेशी मोजण्याची चाचणी) यांसाठीचं रक्त, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं देण्याआधी घ्यायचं. एकदा सलाइनमधून ते गेलं की आकडा दात्यांच्या आयजीजीचा येतो. फ्लोचं रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फात न ठेवता, शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं. आणखी एक चूक नेहमी घडते. विडाल किंवा डेंग्यूची प्रतिपिंड चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणून सगळे निश्चिंत होतात. प्रतिपिंडंच न बनवणाऱ्या मुलात त्या निकालाला अर्थ नाही. कल्चर किंवा पीसीआर, म्हणजे थेट जंतू शोधणारी चाचणी, करायला हवी.

उपचार म्हणजे आयुष्यभर इम्युनोग्लोब्युलिन: शिरेतून, दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला ५ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के द्रावणाची १०० मिलिची बाटली. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, हलवू नये, फेस होतो. सुरुवात अगदी सावकाश, तासाला ५ मिलिच्या आसपास, मग दर अर्ध्या तासाने वेग वाढवायचा. घाई केली की थंडी वाजते, ताप येतो, डोकं दुखतं. प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक वहीत लिहा. मूल वाढतं, डोस मात्र जुन्याच वजनावर चालू राहतो, हे फार वेळा होतं. म्हणून दर भेटीत वजन, आणि अधूनमधून पुढच्या डोसच्या आधी आयजीजीची पातळी. या औषधात आयजीए जवळजवळ नसतं, त्यामुळे श्वासनलिका पुऱ्या सुरक्षित होत नाहीत. खोकला रेंगाळला तर छाती तपासून घ्यायलाच हवी.

पोलिओचे थेंब त्याला देऊ नयेत. त्यातला विषाणू जिवंत असतो. घरातल्या इतर लहान मुलांसाठीही इंजेक्शनच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण थेंबातला विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडतो.

आता तुमचं. आधी भाच्याच्या जनुकातला नेमका बदल शोधायचा, मग तोच बहिणीत, मग तुमच्यात. बहिणीत नसेल तर तुमची काळजी जवळपास मिटली. तुम्ही वाहक असाल तर मुलगा झाल्यास आजाराची शक्यता निम्मी. मुलगी वाहक होऊ शकते, आजारी सहसा पडत नाही. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भजल तपासणी कायद्याने करता येते. ती सोळाव्या आठवड्यापासून होते आणि जनुकाच्या अहवालाला काही आठवडे लागतात, तेव्हा जनुकतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. गर्भाची तपासणी नको असेल तर जन्मल्यावर नाळेतल्या रक्तात बी पेशी मोजून घ्या. आयजीजी मोजून तेव्हा काही कळणार नाही, ते तुमचंच असेल.

प्रश्न: वडिलांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी इब्रुटिनिबची गोळी सुरू आहे. गोळी बीटीके बंद पाडते म्हणे. मग या मुलांसारखी त्यांचीही प्रतिकारशक्ती जाणार का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कर्करोगाच्या बी पेशीही त्याच संदेशावर जगतात, तो तोडणं हाच गोळीचा हेतू. संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी कळवा. रक्तस्राव, रक्तदाब आणि अनियमित ठोके यांकडे लक्ष ठेवा. ॲस्पिरिन विचारल्याशिवाय नको. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा, रक्तातलं औषध वाढतं. दात काढायचा असला तरी आधी कर्करोगतज्ज्ञांना सांगा. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तीन ते सात दिवस गोळी थांबवावी लागते, पण ती त्यांच्याच सांगण्यावरून.