केळवणाला जायचीच भीती वाटते

प्रश्न: ताई, मी २५ वर्षांची, मूळची नाशिकची, नोकरीसाठी पुण्यात पीजीत राहते. लहानपणापासून माझं खाणं मोजकंच, पोळी, बटाट्याची सुकी भाजी, साधं वरण-भात, मॅगी, बिस्किटं, बस्स. दूध-दही, अंडी नकोच. वांगं, भेंडी, आमटीतला टोमॅटो जिभेला लागला की उमासेच येतात, खरंच नाटक नाही करत. ऑफिसात सगळे डबे उघडून एकमेकांचं खातात तेव्हा मी फोन आलाय सांगून बाहेर जाते. आता लग्न ठरलंय, केळवणं सुरू झालीत. रविवारी आत्याकडे भरली वांगी होती, मी भात चिवडत बसले तर काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, सासरी कसं व्हायचं हिचं. रात्रभर रडले. हल्ली जिना चढला तरी दम लागतो. हे माझे नखरे आहेत का?

उत्तर: नाही गं, उमासे कुणी मुद्दाम काढत नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तुला न चालणारं बरंचसं बुळबुळीत आहे आणि खातेस ते मऊ किंवा कोरडं, दर घासाला सारखंच लागणारं. म्हणजे त्रास चवीपेक्षा तोंडातल्या स्पर्शाचा दिसतोय. हे फार वाढलं तर त्याला आर्फिड म्हणतात, २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात त्याची आजार म्हणून नोंद आहे, मोठ्यांनाही होतो आणि बारीक व्हायच्या हौसेशी त्याचा संबंध नसतो. तुला तोच आहे का हे पत्रावरून नाही सांगता येणार, समुपदेशकाला एकदा भेटच.

पण आधी ते दम लागणं. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२ तपासून घे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटणातून आणि तू यातलं काहीच घेत नाहीस, ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, मनही उदास राहतं, तेव्हा तुझ्या रडण्यात त्याचाही वाटा असू शकतो.

खाण्याचं म्हणशील तर जे चालतं त्याला चिकटूनच पुढे जा. बटाट्याच्या भाजीत फ्लॉवरचे दोन तुरे बारीक करून टाक, किंवा भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसून, पातळ चिरून तेलावर कुरकुरीत होऊ दे, तार राहत नाही. हरभऱ्याएवढा तुकडा पुरे, थुंकावासा वाटला तर थुंक, पण खोलीत एकटी असताना, पाहुण्यांसमोर अजिबात नाही. एकच पदार्थ दहा-पंधरा वेळा चाखावा लागतो कधी कधी, घाई नको. वरणावर लिंबू पिळ, त्याने डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवल्यावर लगेच चहा नको.

आता केळवण. आपल्याकडे आग्रह करणं म्हणजे माया, मला कळतं, पण अशा माणसाच्या ताटात बळंच वाढलं की घशाशी आलेलं आणखी वर येतं. आईलाच आदल्या दिवशी फोन करायला सांग, ‘हिच्यासाठी थोडी बटाट्याची भाजी करा’, एवढंच, कारणं देत बसायचं नाही. आणि होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सगळं सांग गं, उमाशांसकट, ऑफिसातल्या खोट्या फोनसकट. सासरच्या पहिल्या जेवणाला शेजारी एक तरी माहीतगार माणूस हवा. रिपोर्ट आले की मला परत लिही.