आधी घरातली वाक्यं वहीत उतरव

पोरी, वाक्यरचना शिकायची म्हणून चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची वाक्यरचनेवरची १९५७ ची मांडणी, १९८१ ची, १९९५ ची, सगळं एकदम वाचायला बसू नकोस, गोंधळून जाशील. आधी घरात कानावर पडणारी वाक्यं वहीत उतरव. 'आई भाकर थापते' यात क्रियापद आईशी जुळतं. 'आईनं भाकर थापली' म्हटलं की ते भाकरीशी जुळायला लागतं; भात असला तर 'शिजवला'. आणि 'आईनं पोरीला उठवलं' बघ. 'ला' लागला, पोरीशीही जुळणी तुटली, क्रियापद नपुंसकलिंगी झालं. मला आजही हे वाक्य फार आवडतं. असं का होतं, हे दाखवायलाच वाक्याचं झाड काढायचं, म्हणजे कुठला शब्द कशाला जोडलाय हे दाखवणारी फांद्यांची आकृती. नुसत्या फांद्या पाठ करून काही हाती लागत नाही.

इंग्रजी पुस्तकातलं झाड जसंच्या तसं उतरवू नकोस. आपलं क्रियापद कर्मानंतर येतं.

सुट्टीत लातूरकडं गावी गेलीस की आजीला विचार. 'बरोबर काय?' म्हणालीस तर ती पुस्तकी उत्तर देईल. 'असं कुणी बोलतं का गं?' असं विचार. 'पोरीला उठवली' चालतं म्हणाली, तर तेही लिही, खोडू नकोस.