लातूरला घर बांधतोय, घरात वयस्कर आई आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स घ्याव्यात की शहाबादी फरशी?

फरशी कोणती हे नंतर बघा, आधी फरशीखाली जोत्यात भरायचा भराव बघा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यात तीच माती ढकलली तर कितीही भारी टाइल बसवा, ती दोन-तीन वर्षांत पोकळ वाजायला लागते आणि सांध्यात फुटते. काळी माती काढून मुरूम भरा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला भरपूर पाणी आणि धुमसाने ठोकून घट्ट करणं. मग काँक्रीट. मिस्त्री घाई करेल, तेव्हा स्वतः उभं राहा.

आईसाठी मी शहाबादीच म्हणेन, पॉलिश न केलेली. पाय घसरत नाही, उन्हाळ्यात दुपारी गार लागते आणि ही फरशी जिथून येते ते कर्नाटकातलं शहाबाद जवळ असल्याने वाहतूकही कमी. पण हा चुनखडीचा दगड आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला अ‍ॅसिड टाकलं की दगड कायमचा खडबडीत होतो, म्हणून साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसा. लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसायची, त्यामुळे स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड बसवलीत तरी चालेल.

न्हाणीत मात्र चकचकीत टाइल अजिबात नको. मॅट फिनिशच घ्या, उतार जाळीकडे ठेवा आणि टाइल बसल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे साचलं तर मिस्त्रीचे पैसे देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.