जुळ्यांचे बाळंतपण लवकर होईल का, हे रक्तावरून कळते का?

प्रश्न : माझ्या मुलीला जुळी आहेत आणि विसावा आठवडा सुरू आहे. बाळंतपण लवकर होणार का, हे सांगणारी रक्ततपासणी अमेरिकेत असल्याचे तिच्या नणंदेने कळवले. ती करून घ्यावी का? तोवर तिला अंथरुणावरच ठेवावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण म्हणता तशी तपासणी अमेरिकेत आहे. रक्तातील दोन प्रथिनांच्या परस्पर प्रमाणावरून ती धोक्याचा अंदाज बांधते. परंतु ती पोटात एकच गर्भ असलेल्या स्त्रियांसाठी आहे, त्यामुळे आपल्या मुलीला तिचा उपयोग नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ स्टीफन क्वेक यांच्या गटाने आईच्या रक्तातील आरएनएच्या (पेशींमधील जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूच्या) तुकड्यांवरून असा अंदाज बांधून दाखवला, पण तो अभ्यास अगदी थोड्या स्त्रियांवर झाला होता.

जुळ्यांच्या बाबतीत अडचण मुळातच आहे. वारेचा एकूण आकार मोठा असल्याने वारेतून रक्तात उतरणारी संप्रेरके आणि गर्भाकडून येणारे अल्फा फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन यांची पातळी सर्व काही सुरळीत असतानाही वाढलेली असते, त्यामुळे एका गर्भासाठी ठरवलेली मर्यादा येथे लावली तर निरोगी स्त्रीही धोक्यात असल्याचे दिसेल. शिवाय लवकर प्रसूतीचे कारण एकच नसते. कधी अतिताणामुळे गर्भपिशवी आधीच कळा देऊ लागते, कधी जंतुसंसर्ग होतो, तर कधी रक्तदाब वाढल्याने किंवा एका बाळाची वाढ खुंटल्याने डॉक्टरांनाच प्रसूती करावी लागते. इतक्या वेगवेगळ्या वाटा एकाच रक्तघटकात उमटाव्यात, ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते. सीआरपी हे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन वाढलेले दिसले तरी ते साध्या सर्दीतापानेही वाढते.

आज अधिक भरवशाची तपासणी म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. चोविसाव्या आठवड्यापूर्वी गर्भपिशवीच्या मुखाची लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर धोका वाढतो, मात्र तशा अनेक स्त्रियांची गर्भावस्थाही पुढे बरीच लांबते. दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीच्या अहवालात पाहावे. एकच असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी हवी.

अंथरुणाला खिळवून ठेवल्याने प्रसूती लांबत नाही, उलट पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. (घरोघरी हा सल्ला इतक्या मायेने दिला जातो की तो मोडणे डॉक्टरांनाही जड जाते.) केवळ जुळी आहेत म्हणून गर्भपिशवीच्या मुखाला टाका घालणेही योग्य नाही. बाळांची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शनेही निव्वळ भीतीपोटी आधी घेऊन ठेवू नयेत, कारण प्रसूती सुमारे आठवडाभरात होण्याची शक्यता असतानाच त्यांचा खरा लाभ मिळतो.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वीच जन्मतात, त्यामुळे नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात आताच नाव नोंदवावे. पोट वारंवार कडक होणे, पाणी जाणे, रक्त दिसणे किंवा कंबरेत ठरावीक अंतराने कळा येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी तेथे जावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.